फेरी पूर्ण

“बाई उतरली म्हणून लगेच गाडी वळवायची नाही. ती दारात पोचेपर्यंत दिवे तिच्या वाटेवर धरायचे. डिझेल जळतं? जळू दे. माझ्या घरचं जळतंय, तुझ्या नाही.”

कंपनीतल्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला हे पहिल्या दिवशी ऐकावं लागे. आई होती तोवर तिच्या तोंडून. आई गेल्यावर थोरल्याने ते वाक्य फ्रेम करून ऑफिसात लावलं. फ्रेम फार छान झाली, सोनेरी कडांची. त्यानंतर ते वाक्य कुणी वाचलं नाही. भिंतीवरची वाक्यं वाचायची नसतात, त्यांच्याखाली बसायचं असतं.

त्या फ्रेमखाली अकरा वर्षं ताई बसत होती. दोन भावांमधली एकुलती बहीण. आईची एकच बस होती तेव्हा तिने तिकिटं फाडली होती. चौदा बस झाल्यावर कंडक्टरच्या कामाला माणसं मिळाली आणि ताईकडे रजिस्टर आलं. ड्रायव्हर आपापलं कच्चं पत्रक पेन्सिलीने भरून आणत, शनिवारी ताई ती सगळी शाईने मोठ्या रजिस्टरात उतरवी. सुटली किती वाजता, पोचली किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: ‘पूर्ण’. ताईचं अक्षर इतकं नेटकं, की परवाना खात्याचे साहेब पान उघडून आधी अक्षराचं कौतुक करत आणि मग मजकूर वाचायला विसरत.

विसरत तेच बरं. कारण डोंगरवस्तीची शेवटची फेरी वर्षानुवर्षं पूर्ण होत नव्हती. खाणीच्या फाट्यापासून वस्ती चार किलोमीटर वर. फाट्यापुढे गाडीत फक्त वस्तीची माणसं उरली, की ड्रायव्हर तिथेच त्यांना उतरवून गाडी वळवत. कंपनीत याला ‘शेंडा खुडणं’ म्हणत. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, करू नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. “आदिवासी माणसं ती, चालायची सवय असते त्यांना,” एवढंच त्यामागचं शास्त्र. चालायची सवय असलेल्या माणसांनी बसचं तिकीट का काढलं असेल, हा प्रश्न त्या शास्त्रात येत नव्हता.

गेल्या मंगळवारी शेंडा खुडला तेव्हा गाडीत एकच प्रवासी होती. वस्तीची नर्स. त्या वस्तीत नर्स झालेली पहिली मुलगी. फाट्यावर उतरून ती तीनशे पावलंही चालली नसेल. खाणीवरची तीन माणसं वाटेत होती.

आता ती ज्या दवाखान्यात ड्यूटी करत होती त्याच दवाखान्यात खाटेवर होती. जबडा तारेने बांधलेला, म्हणून जबाब तिने लिहून दिला होता. फाट्यावर उतरले, तिघे होते, तिघांनाही ओळखते. यावर खाणमालकाच्या वकिलाने फार शांतपणे एक विचारलं होतं. बस तर वस्तीपर्यंत जाते. मग बाई फाट्यावर कशी? सोमवारी सकाळी चौकशी अधिकारी तिच्या खाटेपाशीच बसणार होते, आणि बस कंपनीचं रजिस्टर त्यांनी मागवलं होतं.

शनिवारी ताईने सगळी फेरीपत्रकं उतरवली. मंगळवारच्या शेवटच्या फेरीचा शेवटचा रकाना तिने कोरा सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, टेबल पुसून मधोमध रजिस्टर ठेवलं गेलं आणि त्याभोवती घर बसलं.

•

“सगळे आलेत ना?” थोरल्याने विचारलं. टेबलाशी पाच माणसं होती, आणि पाचही नातेवाईक. पण बसमालक संघटनेचं अध्यक्षपद अंगात भिनलं, की माणूस न्हाणीघरातही कोरम बघतो.

“झालं ते वाईटच झालं,” तो म्हणाला. “कुणालाही वाईट वाटेल. मी बुधवारी जेवलो नाही.”

“दुपारी जेवलात,” वहिनी म्हणाली.

“रात्री जेवलो नाही. पण—”

हा ‘पण’ घरात सगळ्यांच्या परिचयाचा होता. त्याच्या अलीकडे थोरला माणूस असे आणि पलीकडे कंपनी.

“पण आपल्या आठ गाड्या खाणीवर लागल्यात. चौदातल्या आठ. परवान्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. आणि हे कोरं ठेवलेलं.” त्याने रकान्यावर बोट ठेवलं, जणू तिथे झुरळ होतं. “ताई, एक शब्द राहिलाय तुझा.”

“राहिला नाही,” ताई म्हणाली. “ठेवलाय.”

वहिनीने खुर्ची पुढे ओढली. ती महिला मंचाची अध्यक्ष होती आणि गेला महिनाभर तिच्या डोक्यात ‘निर्भय ताई’ अभियान होतं. वस्तीतल्या प्रत्येक बाईला एक गुलाबी शिट्टी, शिट्टीवर कंपनीचं नाव, अशा पाचशे. त्यांची खोकी आत्ताही हॉलमध्ये सोफ्यामागे रचून ठेवली होती. उद्घाटनाचं भाषण तिने स्वतः लिहिलं होतं, त्यात ‘डोंगरकन्या’ हा शब्द सात वेळा आला होता. अशा वेळी आपल्याच बसमधून उतरलेली बाई दवाखान्यात जावी, हे वहिनीला फार लागलं होतं. तारीख पुढे ढकलावी लागली असती.

“माझं ऐकाल तर खरं सांगून मोकळे व्हा,” ती म्हणाली. “ड्रायव्हरने चूक केली, आम्ही त्याला कामावरून काढलं, आम्ही पीडितेच्या पाठीशी उभे आहोत. मी स्वतः बोलते तसं. मंचातर्फे.”

टेबलाच्या टोकाला जावईबापूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ड्रायव्हर मी होतो, आई.”

“माहीत आहे मला,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं, पण मुलीच्या लग्नापासून जपून ठेवलेली एक छोटीशी सोयही होती. “नेहमीचा ड्रायव्हर रजेवर, म्हणून तुम्ही गेलात. अगदी कौतुकाने गेलात. पण जावईबापू, चूक ती चूक. घरचा माणूस म्हणून पांघरूण घातलं तर मी मंचावर कुठल्या तोंडाने उभी राहू?”

“तोंडाचं बघू नंतर,” धाकटा म्हणाला. तो वर्कशॉप बघायचा आणि घरातल्या बैठकींना हाताला ग्रीस ठेवून येई, म्हणजे लवकर उठता येतं. “पण वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, दादा. मीटर आहे गाडीला. टायर कधी बदलायचे ते मी किलोमीटरवर ठरवतो. डोंगरवस्तीची गाडी रजिस्टरप्रमाणे जितकी पळायला हवी तितकी कधीच पळलेली नाही. रोज आठ किलोमीटर कमी, चार जायचे, चार यायचे. माझ्या वहीत आहे सगळं. मीटर खोटं बोलत नाही.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. हा धाकटा लहानपणी आईच्या बसच्या बॉनेटवर झोपायचा. आज तीन विरुद्ध दोन झाले असते. ताईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, जरा घाईनेच घेतलं.

“तू शेंडा खुडलास हे मान्य,” थोरला जावयाकडे वळला. रागात त्याचं ‘तुम्ही’ गळून पडलं आणि लगेच त्याने ते उचललं. “खुडलात. पण का? साडेसहा तर वाजले होते. घाई कसली होती तुम्हाला?”

जावईबापूंनी पेल्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

“छापखाना सातला बंद होतो,” ते म्हणाले.

“मग?”

“आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, शिट्ट्या तयार आहेत, आज घेतल्या नाहीत तर थेट शुक्रवारी मिळतील, काहीही करून आजच आणा. मी म्हटलं, गाडीत एकच बाई आहे, वर सोडून येतो. तर म्हणाल्या—” ते थांबले.

“काय म्हणाले मी?” वहिनीने विचारलं, आणि विचारताच तिला आठवलं.

“म्हणालात, ‘तिला काय, ती डोंगरातली. पोचेल.’”

सोफ्यामागे पाचशे शिट्ट्या गप्प होत्या.

मग वहिनीने खुर्ची पुन्हा मागे नेली, मघाशी होती त्याहून चार बोटं जास्तच मागे.

“हे बघा,” ती म्हणाली, “शेवटी अधिकृत काय असतं? रजिस्टर असतं. कोण फोनवर काय म्हणालं आणि कुणाचं मीटर किती पळालं, याला काही अर्थ नाही. जावईबापूंच्या पत्रकात लिहिलंय ना पोचली म्हणून?”

“लिहिलंय,” जावईबापू म्हणाले. “मी सकाळीच भरून ठेवतो पत्रक. पोचल्याच्या वेळेसकट.”

“बघा. किती शिस्त,” वहिनी म्हणाली.

•

धाकट्याला वाटलं होतं की आपण आज बोललो. खरं बोलण्याचा त्याला अनुभव नव्हता, म्हणून त्याला त्याची थोडी गुंगी चढली होती. आता वहिनी पलीकडे गेल्या म्हणजे दोन विरुद्ध तीन. तरी मीटर होतं. मीटरला मत फिरवता येत नाही.

थोरल्याने त्याला हाताला धरून गॅलरीत नेलं. खाली वर्कशॉपचा पत्रा दिसत होता, एका गाडीचं चाक काढून ठेवलेलं.

“तू हुशार आहेस,” थोरला म्हणाला. “आई म्हणायची, यंत्रातलं याला कळतं, माणसातलं मला.”

“आई असं कधी म्हणाली?”

“म्हणायची. तू लहान होतास.” थोरल्याने कठड्यावर हात टेकले. “वर्कशॉप यंदा तुझ्या नावावर करायचं ठरवलं होतं मी. कागद तयार आहेत. पण परवाना गेला, खाणीच्या गाड्या गेल्या, तर दुरुस्त काय करणार तिथे? सायकली?”

धाकटा त्या काढलेल्या चाकाकडे बघत राहिला. त्याला नर्स माहीत होती. बायकोच्या बाळंतपणात हिनेच दोन रात्री काढल्या होत्या. सकाळी त्याने तिला रिक्षासाठी पैसे दिले, तर म्हणाली होती, ‘बसने जाते, तुमचीच तर आहे.’ ते आठवलं. त्याने ते बाजूला सारलं. बाजूला सारलेल्या वस्तू कुठे ठेवायच्या, हे वर्कशॉपवाल्या माणसाला बरोबर कळतं.

“मीटर काय,” तो शेवटी म्हणाला, “जुनी केबल असली की अडकतं कधीकधी.”

“तेच म्हणतो मी,” थोरला म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

दोघे आत आले तेव्हा दाराची बेल वाजली.

•

दारात नर्सची मावशी होती. पंधरा वर्षं त्याच खाणीवर खडी फोडलेली, आता वस्तीतल्या शाळेत मुलांना शिजवून घालणारी. मनगटं अजून खडीच्या काळातली. आईच्या पहिल्या बसमधून ती रोज जायची, आणि ताईला ती तेव्हापासून जे म्हणायची तेच आजही म्हणाली.

“कंडक्टरबाई, आहात का?”

घरात एकदम हालचाल झाली. आधी रजिस्टर मिटलं गेलं. मग तिला कुठे बसवायचं हा प्रश्न आला. सोफ्यावर बसवलं तर मागे शिट्ट्या, स्टुलावर बसवलं तर बरं दिसणार नाही. शेवटी वहिनीने जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुसून दिली. चहा पाहुण्यांच्या कपात आणला. तो कप टेबलावर ठेवताना वहिनीचा चेहरा असा झाला होता, की जणू तिने एक कायदाच मंजूर केला.

“कशी आहे हो आमची डोंगरकन्या?” तिने विचारलं.

मावशीने मागे वळून बघितलं, आणखी कुणी आलंय का ते.

“माझी भाची म्हणताय होय,” ती म्हणाली. “बरी आहे. नळीने पेज घेते. पाटी दिलीय, लिहून बोलते. काल लिहिलं, वॉर्डातल्या चादरी तीन दिवस बदललेल्या नाहीत. म्हणजे बरी आहे.”

“आम्हाला फार वाईट वाटलं,” थोरला म्हणाला.

“हो ना. सगळ्यांनाच वाटतं. खाणमालकालाही वाटलं, फळं पाठवली. जबडा बांधलेल्या माणसाला सफरचंदं.” मावशीने चहाचा घोट घेतला. “फार गोड करता तुम्ही चहा.”

“उद्या चौकशी आहे ना,” थोरल्याने जपून सुरुवात केली. “आम्ही सहकार्य करणारच. पण तुम्हीही जरा समजून घ्या. रजिस्टर म्हणजे सरकारी कागद. त्यात जे आहे ते आहे. पोरीला त्या धक्क्यात नक्की आठवत नसेल कदाचित, की कुठं उतरली. होतं असं.”

“होतं,” मावशीने मान डोलावली. “आमच्याकडे फार होतं. अडीच वर्षांत तीन झाल्या त्या रस्त्याला. पहिली सापडली तेव्हा म्हणाले, जनावराने ओढून नेली. जनावराने तिच्या चपला दगडाशी जोडीने नीट लावून ठेवल्या होत्या. शहाणं जनावर. दुसरीच्या वेळी म्हणाले, पळून गेली कुणाबरोबर. अजून आलेली नाही, फार लांबचा असणार तो. आता ही तिसरी जगली, लिहायला येतं, नावं सांगते. तर म्हणतात, ती तिथं नव्हतीच.”

जावईबापू उठले, आणि उठून कुठे जायचं हे न कळल्याने पुन्हा बसले.

वहिनीला वाटलं, आता काहीतरी केलं पाहिजे. करणं हा तिचा स्वभावच होता. ती सोफ्यामागे गेली, खोकं फोडलं आणि एक गुलाबी शिट्टी मावशीच्या पुढ्यात ठेवली.

“आम्ही नुसतं बोलत नाही,” ती म्हणाली. “हे बघा. वस्तीतल्या प्रत्येक बाईसाठी. रस्त्यात भीती वाटली की वाजवायची.”

मावशीने शिट्टी उचलली, उलटसुलट केली, त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं.

“कुणाला ऐकू जायची?”

“म्हणजे आजूबाजूचे लोक धावून येतील.”

“त्या चार किलोमीटरांत आजूबाजूचे लोक म्हणजे तेच.” तिने शिट्टी हळूच परत टेबलावर ठेवली. “असं करा ना. या त्यांना वाटा. येताना वाजवत आले तर आम्हाला आधी कळेल.”

धाकट्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा खोकला खरा झाला.

“मी भांडायला आले नाही,” मावशी म्हणाली. “माझं काम कंडक्टरबाईंकडे आहे.”

•

ताई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेली. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि वरच्या खिडकीत वहिनीचा अर्धा चेहरा होता.

“कागद मागायला आलात?” ताईने विचारलं.

“नाही. कागद काय, बदलतो. मला माणूस पाहिजे.” मावशी फाटकाला टेकली. “पोरीला मी सांगून बसले की बसवाल्यांपैकी कुणीतरी येईल आणि सांगेल, हो, फाट्यावरच उतरवतो आम्ही. ती पाटीवर काय लिहिते माहीत आहे? ‘येडी आहेस तू.’ मावशीला येडी म्हणते. एवढी शिकवली.”

ताईने वर खिडकीकडे पाहिलं.

“पहिली गेली ना, तो बुधवार होता,” मावशी पुढे म्हणाली. “पावसाळा संपता संपता. तिची आई पोलिसांकडे गेली. म्हणाली, माझी पोर शेवटच्या बसने निघाली, फाट्यावर उतरली, घरी आलीच नाही. साहेबांनी तुमच्याकडे माणूस पाठवला. त्याने रजिस्टर बघितलं. परत येऊन म्हणाला, बस वस्तीपर्यंत गेली होती, बाई, तुझी पोर वस्तीत उतरली, म्हणजे फाट्यावर शोधायचं काही कारण नाही. आणि नाही शोधलं. आम्हीच शोधलं, चौथ्या दिवशी.”

ताईला तो माणूस आठवला. उंच होता. पान बघून म्हणाला होता, काय सुंदर अक्षर आहे हो. तिने त्याला चहा दिला होता.

“तुम्ही मला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली.

“काय विचारायचं? रोज तुमच्याच गाडीतून फाट्यावर उतरत होतो. तुम्हाला माहीत नव्हतं का?”

मावशीच्या आवाजात राग नव्हता. तिकीट दाखवा म्हणावं तसं तिने सहज विचारलं. ताईला वाटलं, राग असता तर त्याच्या आडोशाला उभं राहता आलं असतं.

“माहीत होतं,” ती म्हणाली.

“हां.”

“चौकशी कितीला?”

“साडेनऊला. बायकांचा वॉर्ड, दाराजवळची खाट.”

“मी सव्वानऊला येते. पोरीला सांगा.”

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं, सुटे पैसे मोजून घेताना बघावं तसं.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “एकदा येडी म्हणून घेतलं तेवढं पुरे. तुम्ही आलात की दिसेलच तिला.”

•

संध्याकाळी ऑफिसात ताईने जुनी रजिस्टरं काढली. पहिला बुधवार सापडायला वेळ लागला नाही. डोंगरवस्ती, शेवटची फेरी, सुटली सहाला, पोचली सातला. पूर्ण. दुसरीची तारीख तिला पक्की माहीत नव्हती, पण त्या आठवड्याच्या कुठल्याही पानाने काम भागलं असतं. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. सगळे ‘प’ एकाच उंचीचे. खाडाखोड नाही, शाईचा ठिपका नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे, आणि मग त्याच हातांनी हे लिहायचं. देव कंटाळला कसा नाही, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, कंटाळला असेल, सांगणार कुणाला?

तिने ताज्या रजिस्टरातला कोरा रकाना उघडला, झरणी घेतली, आणि त्यात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: ‘खाणीच्या फाट्यापर्यंत. पुढे गेली नाही.’ जुन्या पानांना तिने हात लावला नाही. ती तशीच राहायला हवी होती. ती कशी लिहिली गेली हे तोंडाने सांगावं लागणार होतं, आणि ते सांगताना सगळं घर आधी तिच्याकडेच बोट दाखवणार, हे तिला दिसत होतं. अकरा वर्षांचं अक्षर तिचं होतं. शेंडा कुणीही खुडला असेल, पूर्ण तिने केला होता.

सकाळी थोरला चहा घेत होता. बाजूला दाढीचं सामान, इस्त्रीचा शर्ट. चौकशीला रजिस्टर तो स्वतः घेऊन जाणार होता.

“लिहिलंस?” त्याने विचारलं.

“लिहिलं.”

“शहाणी माझी बहीण.” त्याने रजिस्टर न उघडताच बॅगेत घातलं. ताईचं लिहिणं या घरात कुणी तपासत नसे. “उगाच काल एवढा बाऊ झाला. एका शब्दाचा प्रश्न होता.”

“दादा, एकदा वाचून घे.”

“वाचायचं काय त्यात? अकरा वर्षं वाचलं नाही.” आतून वहिनी विचारत होती की चौकशीला फिकट रंगाचे कपडे बरे दिसतील की गडद. थोरला तिकडे गेला. “निघालीस कुठे इतक्या लवकर?”

“दवाखान्यात.”

“हां, ये जाऊन. नाही तरी कुणीतरी भेटून यायलाच हवं होतं,” तो आतून म्हणाला. “माझ्यातर्फेही विचार, बरं वाटतंय का म्हणून.”

तिने दोन जुनी रजिस्टरं कापडी पिशवीत घातली. जड होती. बंद पिशवीत ती आणखी जड वाटत होती. चपला घालून ती वर्कशॉपच्या बाजूने निघाली, कारण दवाखाना त्या बाजूने जवळ.

धाकटा गाडीखालून बाहेर आला. आधी त्याला पिशवी दिसली, मग पिशवीतून वर आलेले रजिस्टराचे लाल कोपरे. हातातला पाना त्याने या हातातून त्या हातात घेतला.

“ताई,” तो म्हणाला. “सोडू का गाडीने? लांब आहे.”

“सोड. पण आलास तर तुला आतही यावं लागेल. तुझ्या वहीसकट.”

वर्कशॉपात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. धाकट्याने मागे, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या किलोमीटरच्या वहीकडे पाहिलं, मग घराच्या गॅलरीकडे.

“या गाडीचं चाक लावायचंय,” तो म्हणाला. “आत्ताच लागणारे ती.”

“बरं,” ताई म्हणाली. तिने त्याच्याकडे मायेनेच पाहिलं, आणि ते त्याला सोसलं नाही. तो पुन्हा गाडीखाली गेला.

नऊला दहा कमी होते. चौकात कंपनीची बस उभी होती, ड्रायव्हरने तिला ओळखून दार उघडलं. तिने मानेनेच नको म्हटलं. बस गेली. ताई फूटपाथच्या कडेने चालू लागली, फार हळू नाही, फार भरभर नाही, सव्वानऊला पोचायचं असलेल्या माणसाने चालावं तशी. सिग्नलपाशी एकदा थांबून तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला.